'हात्तिच्या!' म्हणायला लावणारं कोडं : गेमसाठी पहिल्यांदाच कोडी रचणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या गेममधली सातवी लेव्हल सोडवायला मला स्वतःलाच चाळीस मिनिटं लागायची. उत्तर मीच रचलेलं, तरीही. अकरा खोकी, चार दारं, दोन किल्ल्या, एक सरकता पूल. केवढा अभिमान होता मला तिचा! पाच जणांना खेळायला बसवलं. तिघांनी अर्ध्यातच माउस सोडला, एकाकडून ती चुकून सुटली, आणि पाचव्याने शेवटचं खोकं जागेवर ढकलून माझ्याकडे बघत विचारलं, "झालं? मग?"

त्या "मग?"ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर बरीच कोडी रचली, त्याहून जास्त फाडून टाकली. कोडं सुटल्यावर खेळाडूच्या तोंडून "हुश्श!" निघालं तर आपण त्याला कामाला लावलं होतं. "हात्तिच्या, एवढंच होय!" निघालं तर आपण कोडं घातलं होतं. हा फरक कळायला मला जेवढा वेळ लागला तेवढा तुम्हाला लागू नये, म्हणून हे क्रमाने लिहितो आहे. प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी बिघडत नाही, निम्म्या पायऱ्या वहीतच होतात. मी चौकटींवरच्या ढकलाढकलीच्या कोड्यांमधला माणूस, त्यामुळे उदाहरणं तिकडचीच जास्त येतील.

१. आधी साहित्य जमवा

- चौकटींची वही, पेन्सिल आणि भरपूर खोडरबर. पेन नको. पेनने काढलेली लेव्हल बदलायला जिवावर येतं आणि मग आपण तिची बाजू घेऊन भांडायला लागतो.
- खोकी म्हणून मांडायला नाणी किंवा बटणं.
- पझलस्क्रिप्ट. स्टीफन लॅव्हेल यांनी २०१३ मध्ये आणलेलं, ब्राउझरमध्येच चालणारं फुकट साधन. खोकं ढकलायचा अख्खा नियम त्यात एका ओळीत मावतो. चाल मागे घेणं आणि लेव्हल पुन्हा सुरू करणं आयतं मिळतं. गोडो, युनिटी वगैरे गेम बनवायची मोठी साधनं नंतर. पहिल्याच आठवड्यात युनिटी उघडून मेन्यूचे रंग ठरवत बसलेले लोक मी पाहिले आहेत. मीही त्यातलाच.
- लेव्हलची नोंदवही. प्रत्येक लेव्हलला एक पान: नाव, उमज (कोडं सुटताना खेळाडूला जे अचानक कळतं ते), उत्तर, कोण कुठे अडकलं.
- पाच-सहा धीराची माणसं. ही जपून वापरा. एकदा उत्तर कळलं की तो माणूस त्या कोड्यापुरता संपला. त्याच्यावर तेच कोडं पुन्हा तपासता येत नाही. पहिल्याच कच्च्या खर्ड्यावर सगळी माणसं खर्च केलीत तर सुधारलेली लेव्हल कुणाला दाखवणार?

२. अवघड आणि किचकट यांत गल्लत करू नका

कोडी रचणारे स्कॉट किम यांनी कोड्याची व्याख्या अगदी साधी केली आहे: त्यात मजा हवी आणि त्याला बरोबर उत्तर हवं. या व्याख्येने पाहिलं तर टेट्रिसला आपण सवयीने 'पझल गेम' म्हणतो, पण ते कोडं नाही. तिथे गाठायचं उत्तरच नसतं, असतो तो हात आणि नजरेचा सराव. चांगला खेळ आहे, पण या लेखाचा विषय नाही.

दुसरी गल्लत जास्त महागात पडते. एदुआर लुकास या फ्रेंच गणितज्ञाचा १८८३ मधला हनोईचा मनोरा घ्या. तीन खुंट, एकावर लहान होत जाणाऱ्या तबकड्या, मोठी तबकडी लहानीवर ठेवायची नाही. तीन तबकड्यांना किमान ७ चाली लागतात, चारला १५, आठला २५५. तीन तबकड्यांमध्ये जे कळायचं ते कळून जातं: सगळ्यात खालची हलवायची तर वरचा सगळा ढीग आधी बाजूच्या खुंटावर गेला पाहिजे. आठ तबकड्यांमध्ये याहून नवं काहीच कळत नाही, फक्त बोटं दुखतात आणि मोजणी चुकते. माझ्या सातव्या लेव्हलमधली अकरा खोकी म्हणजे या आठ तबकड्याच होत्या.

लेव्हल सोपी वाटली की नवखा माणूस खोकी वाढवतो, वाटा लांबवतो, नकाशा मोठा करतो. त्याने वेळ वाढतो. कोडं तेवढंच राहतं.

३. उमज एका वाक्यात लिहा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि ही टाळायचा मोह सगळ्यात जास्त होतो. नकाशा काढण्याआधी नोंदवहीत हे वाक्य पूर्ण करा: "खेळाडूला आधी वाटतं की..., मग कळतं की..."

वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपार न्यायचं कोडं लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं असतं. होडीत माणसासोबत एकच मावतं. माणूस नसताना वाघ शेळीला खातो, शेळी गवताला. आधी शेळी न्यायची हे पोरंटोरंही सांगतात, कारण दुसरा मार्गच नाही. माणूस रिकामा परत येतो आणि आता वाघ न्या की गवत न्या, पलीकडे शेळीशी गाठ आहेच. इथे सगळे अडतात. कारण मनाने न सांगताच एक नियम करून ठेवलेला असतो: पलीकडे नेलेली वस्तू तिकडेच राहणार. शेळी परत आणायची, हे सुचलं की उरलेल्या फेऱ्या आपोआप सुटतात. एकूण सात.

याचं वाक्य असं होईल: "खेळाडूला वाटतं की प्रत्येक फेरीत पुढेच जायचं, मग कळतं की एकदा मागे यावं लागतं." सगळं कोडं या वाक्यात आहे. गवताच्या जागी कोबी, वाघाच्या जागी लांडगा आला तरी ते तेच राहतं.

दुसऱ्या खेपेला वाघ नेला काय की गवत नेलं काय, दोन्ही चालतं. म्हणजे या कोड्याला दोन उत्तरं आहेत. एकच उत्तर असलं पाहिजे असा हट्ट पुष्कळ जण धरतात. सुडोकूत तो योग्यच आहे. गेममधल्या कोड्यात उत्तरं दोन असली तरी चालतील. उमज न होताच सुटण्याची वाट मात्र नको.

वाक्य लिहिता येत नसेल, किंवा "खेळाडूला वाटतं की हे अवघड आहे, मग कळतं की खरंच अवघड आहे" असलं काही होत असेल, तर लेव्हल काढू नका.

४. नियम थोडे ठेवा, पण त्यांना पिळून काढा

हिरोयुकी इमाबायाशी यांचा सोकोबान १९८२ मध्ये बाजारात आला. गोदामातली खोकी ठरलेल्या जागी ढकलायची. ओढता येत नाही, एका वेळी एकच ढकलता येतं. एवढ्या नियमांवर जगभरचे लोक आजही नव्या लेव्हल रचताहेत. 'ओढता येत नाही' या एका बंधनातून किती निघतं बघा: कोपऱ्यात गेलेलं खोकं कायमचं अडकतं, भिंतीला चिकटलेलं खोकं भिंतीलाच धरून सरकतं, वळायचं तर दुसऱ्या बाजूला जायला मोकळी जागा लागते. यातलं काहीही नियमांच्या यादीत लिहिलेलं नाही. खेळाडू ते शोधून काढतो, आणि शोध त्याचा असतो म्हणून त्याला गंमत वाटते.

२०१९ चा बाबा इज यू हा आर्वी तैकारी यांचा खेळ याच्याही पुढे गेला. तिथे नियमच शब्दांच्या ठोकळ्यांनी पडद्यावर मांडलेले असतात. 'भिंत अडवते' या अर्थाच्या वाक्यातला ठोकळा ढकलून बाहेर काढला की भिंतीतून आरपार जाता येतं. यंत्रणा तीच जुनी ढकलाढकलीची.

नवा नियम आणायची इच्छा झाली की मी आधी जुन्या नियमांची दोन-दोनांची जोडी लावून बघतो. बर्फावर घसरणं आणि खोकं ढकलणं एकत्र आलं तर काय होतं? घसरत आलेलं खोकं दुसऱ्या खोक्याला धडकलं तर? बहुतेक वेळा तिथेच दोन-तीन लेव्हल दडलेल्या असतात.

५. शेवटापासून मागे रचत या

एक छोटीशी लेव्हल इथेच रचून बघू. वही घ्या. नियम सोकोबानचेच.

उमजेचं वाक्य: "खेळाडूला वाटतं की खोकं जागेकडे न्यायचं, मग कळतं की आधी ते जागेपासून लांब न्यावं लागतं."

एक चौकट रुंदीचा आडवा बोळ काढा, सहा चौकटी लांब. डावीकडून पहिल्या चौकटीत फुली मारा, ती खोक्याची जागा. तिसऱ्या चौकटीत खेळाडू, चौथ्या चौकटीत खोकं. म्हणजे खेळाडू फुली आणि खोक्याच्या मध्ये अडकलेला. तो जे काही ढकलेल ते फुलीपासून दूरच जाणार, आणि बोळात वळसा घालायला जागा नाही. आता बोळाच्या उजव्या टोकाला तीन बाय तीनची खोली जोडा, बोळ तिच्या मधल्या ओळीत उघडेल अशी.

सोडवून बघा. खोकं खोलीच्या पहिल्या चौकटीत ढकललं तर दाराला बूच बसतं, खेळाडू बोळातच राहतो. आणखी एकदा ढकललं की खोकं बरोबर खोलीच्या मधोमध येतं आणि खेळाडूला आत यायला एक चौकट मिळते. तिथून वर, वरच्या ओळीने उजवीकडे, खाली, आणि मग खोकं डावीकडे ढकलत थेट फुलीपर्यंत. मध्यावर न थांबता आणखी एकदा ढकललं तर खोकं उजव्या भिंतीला चिकटतं, त्याच्या मागे उभं राहायला जागा उरत नाही, आणि खेळ खल्लास.

मी हे उलट क्रमाने रचलं होतं. आधी शेवटचं चित्र काढलं, खोकं फुलीवर आणि खेळाडू त्याच्या उजवीकडे. मग विचारलं: खेळाडू उजवीकडे यायच्या आधी कुठे होता? डावीकडे. बाजू बदलण्यापुरती जागा कुठे मिळाली? तिथून खोली निघाली. पुढून रचत गेलं की आपण नकाशा सजवतो आणि उत्तर नंतर कुठेतरी कोंबतो.

६. मग छाटा

या लेव्हलचा पहिला खर्डा मी एकाला दिला तेव्हा त्याने खोकं मधोमध आणलं, वर गेला आणि ते खाली ढकललं. तळाच्या भिंतीला चिकटलं. बिचारा पुढची पाच मिनिटं त्या खालच्या ओळीत काहीतरी युक्ती असेल म्हणून डोकं खाजवत होता. युक्ती काहीच नव्हती. खोली चौरस बरी दिसते म्हणून मी ती ओळ काढली होती.

खालची ओळ खोडा. खोली दोन बाय तीनची उरते आणि सहाच्या सहा चौकटी उत्तराला लागतात. आता खोकं खाली जाऊच शकत नाही. चूक करायची एकच जागा राहते, उजवी भिंत, आणि ती चूक स्वतःच सांगते की अति ढकललंस.

बोळ तरी सहा चौकटींचा कशाला? तीन पुरतात: फुली, खेळाडू, खोकं. पूर्वी खोकं चार वेळा उजवीकडे आणि सात वेळा डावीकडे ढकलावं लागायचं, एकूण अकरा. आता दोन आणि चार, एकूण सहा. उमजेला धक्काही लागला नाही.

छाटताना प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून विचारा, हे काढलं तर कोडं मोडतं का? नसेल मोडत तर काढा. मुद्दाम ठेवलेला चकवा वेगळा. तो चुकीच्या समजुतीकडे बोट दाखवतो आणि ती समजूत मोडली की उत्तर दिसतं. नुसती दिशाभूल करणारा चकवा हा पसारा.

छाटल्यावर तपासायचं ते दुसरी वाट कुठे फुटली का. चौकटींची लेव्हल लहान असेल तर संगणकाकडून शोधून घ्या: सुरुवातीच्या स्थितीतून शक्य त्या सगळ्या चाली, त्यांतून पुढच्या सगळ्या, असं थराथराने जात सगळ्यात छोटं उत्तर सापडतं. माझ्या निम्म्या 'जबरदस्त' लेव्हलना असं चार चालींचं पळवाटेचं उत्तर निघालं होतं. अर्थात, संगणक चाली मोजतो, उमज मोजत नाही. सहा चालींची लेव्हल साठ चालींच्या लेव्हलपेक्षा कठीण असू शकते.

आणि सुरुवातीची मांडणी आपोआप तयार करणार असाल तर थांबा. पंधरा सरकत्या ठोकळ्यांच्या चौकटीतले फक्त १४ आणि १५ अदलाबदल करून ठेवले तर ते पुन्हा क्रमाने लावता येत नाहीत, हे १८७९ मध्येच सिद्ध झालं होतं. तरी १८८० मध्ये लोक त्यापायी वेडे झाले होते. ठोकळे कसेही टाकले तर निम्म्या मांडण्या न सुटणाऱ्या निघतात. पाच बाय पाच दिव्यांचं कोडं, ज्यात एक दाबला की तो आणि शेजारचे उलटतात, त्यात तर चारातली एकच मांडणी सुटते. उपाय सोपा आहे. सुटलेल्या स्थितीपासून निघा आणि नियमात बसणाऱ्या चालींनीच ती विस्कटा.

७. समजावू नका, समजू द्या

"खोकं ओढता येत नाही" अशी पाटी लावलीत तर ती कुणी वाचत नाही. एक खोकं आणि एक फुली सरळ रेषेत असलेली, चुकणं अशक्य अशी लेव्हल द्या. दुसऱ्या लेव्हलमध्ये ओढायची गरज भासेल असं करा. खेळाडू बटणं दाबून बघेल, काही होणार नाही, कळलं.

२००७ च्या पोर्टलमध्ये ही शिकवण्याची शिस्त बघण्यासारखी आहे. भिंतीतल्या एका भोकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायचं, ही मूळ कल्पनाच डोकं फिरवणारी. म्हणून आधी दोन्ही भोकं खेळच पाडून देतो, तुम्ही फक्त चालायचं. मग बंदूक हातात येते, पण ती एकच भोक पाडते, दुसरं ठरलेल्या जागी असतं. दोन्ही भोकं आपल्या हातात येईपर्यंत बरेच कक्ष मागे पडलेले असतात. मी हे पाहिलं तोवर माझ्या गेममध्ये पहिल्याच पडद्यावर सहा नियमांची यादी लावून बसलो होतो.

एका लेव्हलमध्ये एकच नवी गोष्ट. तिच्या पुढच्या लेव्हलमध्ये नवं काही नको, आधीचंच वापरायला लावा, पण वेगळ्या कोनातून.

८. नेहमीचे खड्डे

'डिझायनरच्या मनातलं ओळखा' छापाचं कोडं. १९९९ मध्ये आलेल्या गॅब्रिएल नाइट मालिकेतल्या तिसऱ्या खेळात मोटरसायकल भाड्याने मिळवण्यासाठी नायकाला दुसऱ्याच माणसाचं सोंग घ्यायचं असतं. त्यासाठी मांजराचे केस मिळवून पाकाने चिकटवून मिशी बनवायची. ज्याचं सोंग घ्यायचं त्याला मुळात मिशीच नसते, म्हणून त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोलाही मिशी काढायची! उत्तर वाचल्यावरसुद्धा "हात्तिच्या" निघत नाही, "काहीही!" निघतं. उत्तर कळल्यावर खेळाडूला 'हे मला सुचायला हवं होतं' असं वाटलं पाहिजे. तुमच्या कोड्याला ही कसोटी लावा.

शब्दावर बेतलेलं कोडं. १९९१ च्या मंकी आयलंड २ मध्ये धबधब्याचं पाणी थांबवायला माकडाचा पान्यासारखा वापर करावा लागतो, कारण अमेरिकन इंग्रजीत एका प्रकारच्या पान्याच्या नावातच माकड आहे. ब्रिटनमध्ये त्या पान्याला ते नाव नाही; मग इतर भाषांचं विचारूच नका. श्लेषावर कोडं उभं केलंत तर भाषांतराच्या दिवशी ते मेलं म्हणून समजा.

अंदाजपंचे सुटणारं कोडं. तीन आकड्यांच्या कुलपाला एक हजार शक्यता असतात; वैतागलेला माणूस त्या खरंच एकेक करून बघतो. २०१८ च्या रिटर्न ऑफ द ओब्रा दिनमध्ये जहाजावरच्या साठ जणांचं काय झालं ते ठरवायचं असतं, पण खेळ एकेक उत्तर तपासून देत नाही. तीन बरोबर झाली की तिन्ही एकदम पक्की करतो. ठोकाठोकी करणाऱ्याचा हात तिथे आखडतो आणि खरा विचार करणाऱ्याला काहीच त्रास होत नाही. काय कमाल सुचलं आहे!

सजावट आणि खूण सारखीच दिसणं. याबद्दल पुढच्या पायरीत.

९. शेजारी बसा आणि तोंड बंद ठेवा

माझी मावसबहीण एका लेव्हलमध्ये वीस मिनिटं एकाच भिंतीशी झटत होती. ओकीबोकी दिसत होती म्हणून मी त्या भिंतीवर एक भेग काढली होती. ही बाई प्रत्येक खोकं आणून त्या भेगेला भिडवत होती. शेवटी माझ्याच्याने राहवेना.

"अगं, ती नुसती भेग आहे."

"मग काढलीस कशाला, दादा?"

एवढ्या एका वाक्यात मी चित्रांबद्दल जे शिकलो ते कुठल्याच ट्यूटोरियलमध्ये शिकलो नव्हतो. सगळ्या भिंती सारख्या असतील तर वेगळी भिंत म्हणजे खूण. खेळाडू ती वाचणारच, तो त्याचा गुन्हा नाही.

पण त्या दिवशी दुसरी चूक माझी होती, मी बोललो. बोललो की तपासणी संपली. तुमचा गेम लोक घरी खेळतील तेव्हा तुम्ही शेजारी नसणार. हल्ली मी पेन्सिल दातात धरून बसतो, विनोद म्हणून नाही, तोंड उघडू नये म्हणून. "मी काय बोललो नाही तरी राग मानू नकोस, अडलास तरी तो माझा दोष" एवढं आधीच सांगून टाका.

बघताना हे टिपा:

- पहिली चाल. ती बहुतेकांची सारखीच असते, आणि तुम्ही गृहीत धरलेल्या समजुतीतून आली पाहिजे.
- हात थांबतो ती जागा. हात थांबून डोळे फिरत असतील तर उत्तम, तिथे विचार चालला आहे. हात थांबला आणि मोबाइल उचलला तर लेव्हल गेली.
- एकच चूक कितीदा. दोनदा म्हणजे शिकतो आहे. सहादा म्हणजे खेळ त्याला काहीच सांगत नाही.
- तोंडून निघालेले आवाज, जसेच्या तसे. "अच्छाऽऽ", "ए थांब थांब", "सुटलं वाटतं". शेवटचा सगळ्यात वाईट.

सुटल्यावर एकच प्रश्न: "मला समजावून सांग, काय केलंस?" वाघ-शेळी सोडवणारा लगेच म्हणतो, "शेळी परत आणायची." तुमच्या खेळाडूला असं एका वाक्यात सांगता आलं आणि ते तुमच्या नोंदवहीतल्या वाक्याच्या जवळ असलं, तर लेव्हल ठेवा. तो चालींची यादी वाचायला लागला तर उमज झालेली नाही, नुसती लेव्हल पार झाली आहे.

"कशी वाटली?" हे विचारू नका. ओळखीची माणसं, छान म्हणतात.

१०. चाल मागे, इशारे आणि रंग

चाल मागे घ्यायची सोय द्याच, हवी तितक्या वेळा. पाचव्या पायरीतल्या लेव्हलमध्ये खोकं भिंतीला चिकटलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं तर माणूस प्रयोग करायचं सोडतो आणि घाबरून खेळतो. घाबरलेल्या माणसाला काही सुचत नाही. चाल मागे घेऊ दिली तर कोडं सोपं होईल ही भीती मलाही होती. ती खोटी निघाली.

इशारे द्यायचे तर टप्प्याटप्प्याने. पहिला इशारा नजर वळवेल एवढाच: "खोली किती रुंद आहे ते बघितलंस?" दुसरा समजुतीला हात घालेल: "फुलीकडेच जायला हवं का?" उत्तर शेवटी, आणि तेही मागितलं तरच.

रंगावरच सगळं ठेवू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं बरीच असतात. रंगाला आकाराची किंवा खुणेची जोड द्या, अर्ध्या तासाचं काम आहे. आवाजावरच्या कोड्याला दिसणारी खूण हवी, तेही तसंच.

११. क्रम लावा

लेव्हल दहा-पंधरा झाल्या की त्यांची नावं चिठ्ठ्यांवर लिहून जमिनीवर मांडा. सोप्याकडून कठीणकडे सरळ चढण नको. एक कठीण, मग दोन हलक्या, असं वर-खाली जाऊ द्या. दमलेल्या माणसाला जिंकल्यासारखं वाटणंही लागतं. एका वेळी दोन-तीन लेव्हल खुल्या ठेवा, म्हणजे एकीत अडकलेला दुसरीकडे वळेल. एका लेव्हलपाशी गेम अडला की पुष्कळ जण तो परत उघडतच नाहीत.

एखादी लेव्हल कुठेच बसत नसेल तर बहुधा तिच्या पोटात एकापेक्षा जास्त वाक्यं असतात. माझ्या त्या सातव्या लेव्हलपाशी मी वर्षभराने परत गेलो आणि नोंदवहीत तिचं वाक्य लिहायला बसलो. तीन निघाली. सरकत्या पुलाचं एक होतं: "खेळाडूला वाटतं की पुलावरून खोकं न्यायचं, मग कळतं की खोकं पुलावरच ठेवून पूल सरकवायचा." त्याची दोन खोक्यांची लेव्हल झाली आणि ती आता गेममधली माझी सगळ्यात आवडती आहे. दारांचं दुसरं वाक्य चौथ्या लेव्हलमध्ये आधीच येऊन गेलं होतं, ते खोडलं. किल्ल्यांचं तिसरं वहीतच पडून आहे. अजून काही जमलेलं नाही.